वैनगंगेच्या खोऱ्यात शीड उभारायचे तर

गोंदिया जिल्ह्याला पाणी नवे नाही. बालाघाटच्या सीमेवरून वैनगंगा वाहते, बाघ नदी तिला येऊन मिळते, दक्षिणेकडे गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, चुलबंद हे जलाशय आहेत, आणि गावागावांत बोड्या, म्हणजे लहान तळी, नि मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. पाणी आहे तिथे नावाडी आहेतच. ढिवर समाजाचा माणूस डोंग्याच्या टोकाला उभा राहतो, लांब बांबू तळाला टेकवतो आणि अंगाचा सगळा भार त्या बांबूवर सोडून डोंगा पुढे ढकलतो. पाण्याखाली खुंट कुठे आहे, गाळ कुठे आहे, कमळवेल कुठे दाटली आहे, हे त्याला न बघता ठाऊक असते. या सगळ्या पाण्यावर एक गोष्ट मात्र दिसत नाही, ती म्हणजे शीड.

का दिसत नाही, असे विचारले तर पहिले उत्तर येते, ‘इथे समुद्र कुठे आहे?’ हे उत्तर चुकीचे आहे. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोऊ आशियाई खेळांत नेहा ठाकूर या मुलीने शिडाच्या बोटींच्या शर्यतीत, मुलींच्या आयएलसीए-४ गटात, रौप्यपदक मिळवले. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. शिकली भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये, म्हणजे बड्या तलावावर. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत कांस्यपदक जिंकणारी हर्षिता तोमर होशंगाबादची, तीही त्याच तलावावर तयार झालेली. भोपाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तो तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला असे मानतात. आपल्याकडचा नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. दोन्ही माणसाने घातलेल्या बांधाचे पाणी. एकावर पदके तयार झाली आणि दुसऱ्यावर शीड कधी फडकले नाही, याचे कारण समुद्रात शोधून चालणार नाही. ते वाऱ्यात शोधावे लागते, आणि त्याहून जास्त वारा नि पाणी यांच्या वेळापत्रकात.

हे वेळापत्रक कळायला आधी शिडाच्या बोटींची संध्याकाळची शर्यत म्हणजे काय, ते पाहू. जगात नदीकाठच्या अनेक गावांत आठवड्यातली एक संध्याकाळ शिडासाठी राखलेली असते. अमेरिकेत मेरीलँड राज्यात अ‍ॅनापोलिस गावाजवळ सेव्हर्न नदी चेसापीकच्या खाडीला मिळते. तिथल्या यॉट क्लबची बुधवारची शर्यत एप्रिलअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. माणसे कचेरीतून सुटतात, धक्क्यावर येतात, शीड चढवतात आणि अंधार पडायच्या आत परत येतात. तिथे जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणून हे जमते. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातल्या स्वान नदीवरही उन्हाळ्यात अशाच संध्याकाळच्या शर्यती होतात. तिथे दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा इतका भरवशाचा आहे की लोकांनी त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ असे नावच देऊन टाकले आहे. तापलेल्या शहराला तो बरे करतो, हा त्यातला भाव.

महाराष्ट्रात नदीवरचे क्लब म्हटले की पुणे आठवते. रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ सालचा, मुळा-मुठेच्या काठचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा १९२८ पासूनची, आणि ती होते संध्याकाळीच, मुळेच्या पाण्यावर. पण तिथे राज्य वल्ह्यांचे आहे. शीड पाहायचे तर मुठेच्या वरच्या अंगाला खडकवासल्याला जावे लागते. धरणाच्या पाण्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ‘पीकॉक बे’ आहे आणि तिथे छात्रांना शीड हाताळायला शिकवतात. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, आणि त्याच्या ‘सीबर्ड’ जातीच्या लाकडी बोटी बंदराच्या पाण्यात दिसतात. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीला झाले, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि फारोख तारापोर नि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल गटात सुवर्णपदक मिळवले.

मुंबईला संध्याकाळची शर्यत का जमते, हे शाळेच्या भूगोलात आपण सगळेच शिकलो आहोत. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे, वाहू लागतो. हे मतलई वारे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा दिनक्रम या दोन वाऱ्यांवर बेतलेला होता. पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. खारा वारा दुपारी उशिरा सर्वांत जोरात असतो आणि जमीन निवेपर्यंत, म्हणजे सूर्य मावळतीला लागला तरी, टिकून राहतो. पाच वाजता शर्यत सोडली तरी शीड भरलेले राहते.

गोंदियात पाच वाजता नेमके याच्या उलट घडते. समुद्रापासून दूरच्या प्रदेशात दुपारचा वारा येतो तो दुसऱ्या कारणाने. ऊन चढले की जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि वरची हवा खाली येते, अशी घुसळण चालू होते. वरच्या थरातला वारा नेहमीच जास्त वेगाचा, कारण तिथे झाडे, टेकड्या, घरे यांची आडकाठी नाही. घुसळण त्या वेगातला काही भाग खाली जमिनीवर आणते. सूर्य कलला की जमीन निवू लागते, तळाची हवा थंड आणि जड होते, ती हलेनाशी होते आणि घुसळण थांबते. वरचा वारा वाहतच असतो, पण तो आता तळाच्या थंड हवेच्या थरावरून निसटून जातो. तलावाचे पाणी बघता बघता सपाट होते. संध्याकाळी तळ्याकाठी जी शांतता आपल्याला प्रिय असते, ती शिडाच्या बोटीची सर्वांत वाईट वेळ असते.

त्यातच घड्याळही आपल्या विरुद्ध. गोंदिया मुंबईच्या सात अंशांहून जास्त पूर्वेला आहे आणि दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचला दिवस संपतो. कामावरून सुटून पाण्यावर पोचेपर्यंत अंधार आणि वाराही गेलेला. तेव्हा इथली ‘संध्याकाळची’ शर्यत तीनच्या सुमारास सोडून पाचपर्यंत आटपायची, हे पहिले गणित.

आता बोट वाऱ्यावर चालते कशी, ते. वारा पाठीमागून असेल तर शीड ढकलले जाते, हे कोणालाही पटते. वारा समोरून येत असताना बोट त्याच्याच दिशेने जाते, हे मात्र डोळ्यांनी पाहिले तरी पटत नाही. शीड हे फक्त वारा अडवणारे कापड नसते. ते पंखासारखे वाकलेले असते. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो, बाहेरच्या फुगीर अंगाला दाब कमी होतो आणि शीड तिकडे ओढले जाते. ही ओढ बरीचशी आडवी असते आणि थोडी पुढची. आडव्या ओढीला रोखायला बोटीच्या पोटातून एक फळी पाण्यात खाली सोडलेली असते, तिला डॅगरबोर्ड किंवा सेंटरबोर्ड म्हणतात. फळी बोटीला बाजूला सरकू देत नाही आणि शीड तिला तिथे उभी राहू देत नाही. सीताफळाची ओली बी चिमटीत दाबली की ती पुढे सटकते, तशी बोट या दोन दाबांतून पुढे निघते.

डोंग्यावर शीड का चालत नाही, याचे उत्तर इथे आहे. डोंग्याचा तळ गोल, अंग अरुंद आणि खाली फळी नाही. त्यावर शीड बांधले तर तो वाऱ्यासोबत आडवा वाहत जाईल, आणि जरा जोराचा झोत आला की कलंडेल. उथळ पाणी, दाट वेली आणि बुडलेले खुंट यांतून वाट काढण्यासाठी डोंगा घडला आहे. तिथे खाली फळी असती तर ती दर दहा हातांवर अडकली असती. डोंगा त्याच्या कामाला अगदी चपखल आहे. शिडाला मात्र वेगळी बोट लागते आणि तिच्या फळीखाली मीटर-दीड मीटर मोकळे पाणी लागते.

तरीही थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीच बोट जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी चढते. या प्रत्येक वळणाला खेळाडू ‘टॅक’ म्हणतात. समोरचा बोया, म्हणजे शर्यतीची तरंगती खूण, एक किलोमीटरवर असेल तर बोटीला जवळजवळ १.४ किलोमीटर कापावे लागतात. शर्यत बहुधा याच टप्प्यात जिंकली किंवा हरली जाते, कारण वाऱ्याची दिशा सारखी बदलत असते. वारा पाच-दहा अंशांनी फिरला आणि ते एकाला आधी कळले, तर तो वेळेवर टॅक घेऊन बोयाच्या जवळ जातो, दुसरा अजून लांबच्या रेषेवर असतो. म्हणून चांगला खेळाडू आपल्या बोटीकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघतो. दूरवर पाण्याचा रंग गडद होऊन एक ठिगळ सरकत येते, तो वाऱ्याचा झोत. शिडावर दोन्ही अंगांना लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर लागले आहे. आतला धागा फडफडू लागला की बोट वाऱ्याच्या फार जवळ गेली किंवा शीड सैल सुटले आहे. बाहेरचा लोळला की शीड गरजेपेक्षा जास्त ओढले आहे. हातात दामण, म्हणजे शीड ओढायची दोरी, दुसऱ्या हातात सुकाणूची दांडी आणि नजर त्या दोन धाग्यांवर, असे तास-दीड तास चालते.

नदीवर या सगळ्यात प्रवाहाची भर पडते आणि मला वाटते की नदीवरची शर्यत समुद्रावरच्या शर्यतीपेक्षा बुद्धीला जास्त खाद्य देते. प्रवाह सगळीकडे सारखा नसतो. मधोमध, खोल पाण्यात तो जोरात असतो, काठाशी तळ आणि दगड यांना घासून मंद होतो, आणि वळणाच्या आतल्या बाजूला कधी कधी उलटाही फिरतो. प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट म्हणून काठाला चिकटून चालते. पण काठाला झाडे असतात आणि झाडामागे वारा मरतो. झाडाच्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत तरी वारा तुटक आणि कमजोर असतो. काठाला प्रवाहाचा त्रास कमी पण वाराही कमी, मध्यावर वारा भरपूर पण प्रवाहही भरपूर. दर वळणाला हा हिशेब नव्याने करावा लागतो. इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या वरच्या भागात दोन्ही काठांवर दाट झाडी आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ए-रेटर’ नावाच्या बोटी तयार झाल्या. सुमारे आठ मीटर लांबीच्या बोटीवर जवळजवळ तेरा मीटर उंचीची डोलकाठी, फक्त झाडांच्या शेंड्यांवरचा वारा धरता यावा म्हणून. सर्बिटन इथला टेम्स सेलिंग क्लब १८७० सालचा, आणि या उंच बोटी त्या नदीवर अजूनही शर्यती लावतात.

वारा अगदी पडला तर काय? प्रवाहाविरुद्ध निघालेली बोट मागे वाहू लागते. अशा वेळी अनुभवी खेळाडू गुपचूप नांगर सोडतो. तो पुढे जात नाही, पण बाकीचे मागे जात असतात, म्हणून थांबूनच तो पुढे निघतो. नियमांत हे बसते. बोट नांगरायला मुभा आहे, फक्त निघताना नांगर परत वर घ्यायचा.

याहून गंमत प्रवाहाबरोबर जाताना आहे. समजा हवा पूर्ण स्तब्ध आहे आणि नदी ताशी तीन किलोमीटरने वाहते आहे. पाण्यावरचा ओंडका ताशी तीन किलोमीटरने खाली जाईल. त्याच्या शेजारी शिडाची बोट सोडली तर ती ओंडक्याच्या पुढे जाऊ शकते. बोटीत बसलेल्याला समोरून ताशी तीन किलोमीटरचा वारा लागतो, कारण बोट स्तब्ध हवेतून सरकते आहे. समोरच्या वाऱ्यावर नागमोडी कसे चढायचे, ते आपण वर पाहिलेच. तेच तंत्र वापरून ती त्या वाऱ्यावर, म्हणजे खालच्या दिशेने, चढते आणि ओंडक्याला मागे टाकते. बोटीला ऊर्जा मिळते ती हवा आणि पाणी यांच्या वेगातल्या फरकातून. दोघांपैकी कोण हलते आहे, याच्याशी तिला देणेघेणे नसते. पदार्थविज्ञानाच्या तासाला सापेक्ष वेग शिकवताना याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि वैनगंगेच्या काठच्या शाळेत तर ते खिडकीतून दाखवता येईल.

शर्यत सुटते तो क्षण पाहण्यासारखा असतो. धावण्याच्या शर्यतीत सगळे रेषेवर उभे असतात. शिडाच्या बोटीला उभे राहता येत नाही, कारण थांबली की तिचे सुकाणूही चालत नाही. म्हणून सुरुवात चालत्या बोटींची असते. पंचांची बोट आणि एक बोया यांच्यामधली काल्पनिक रेषा ही सुरुवातीची रेषा. नदीवर पुष्कळदा काठावर दोन खांब रोवतात आणि ते एका ओळीत दिसतात ती रेषा धरतात. पाच मिनिटे आधी झेंडा वर जातो आणि भोंगा वाजतो. चार मिनिटांना दुसरा झेंडा. एक मिनिट राहिले की तो खाली येतो. शून्याला पहिला झेंडा खाली आणि शर्यत सुरू. या पाच मिनिटांत सगळ्या बोटी रेषेमागे घिरट्या घालत असतात, एकमेकींचा वारा चोरत असतात, जागा धरत असतात. शेवटच्या तीस सेकंदांत सगळ्या बोटींची नाळ, म्हणजे पुढचे टोक, रेषेकडे वळते. खेळाडू शीड सैल सोडून वेग रोखतो, घड्याळ बघतो, आणि पाच-सहा सेकंद उरले की दामण खेचून भर वेगात रेषेवर येण्याचा बेत करतो. एक सेकंद आधी पार केली तर मागे वळून पुन्हा रेषा ओलांडावी लागते, आणि तोवर बाकीच्या बोटी पुढे गेलेल्या असतात.

पाण्यावर शिट्टी घेऊन फिरणारा पंच बहुतेक क्लबच्या शर्यतीत नसतो. नियम खेळाडूच पाळतात आणि एकमेकांकडून पाळून घेतात. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची, डाव्या अंगाने घेणारीने बाजूला व्हायचे. दोघींचा वारा एकाच अंगाचा असेल तर वाऱ्याकडच्या बोटीने दूर राहायचे. मागून येणारीने पुढचीला धक्का लागू द्यायचा नाही. चूक झाली तर खेळाडू स्वतःच बाजूला होऊन बोटीला दोन पूर्ण गिरक्या देतो. बोयाला धक्का लागला तर एक. चूक कबूल नसेल तर काठावर आल्यावर सुनावणी होते. आंतरराष्ट्रीय नियमावली दर चार वर्षांनी सुधारते, सध्याची २०२५ ते २०२८ या काळाची आहे, आणि तिचा पाया खिलाडूवृत्ती हाच आहे असे ती पहिल्याच पानांत सांगते. मुलांना प्रामाणिकपणा शिकवायला भाषणे लागतात अशा काळात, कोणी बघत नसताना स्वतःहून दोन गिरक्या घेणारा बारा वर्षांचा मुलगा मला फार मोठा वाटतो.

क्लबच्या शर्यतीत नाना जातींच्या बोटी एकत्र उतरतात, लहान, मोठ्या, जुन्या, नव्या. मग निकाल कसा लावायचा? ब्रिटनमध्ये यासाठी पोर्ट्समथ आकडे वापरतात. प्रत्येक जातीच्या बोटीला एक आकडा असतो. बोट जितकी वेगवान तितका आकडा लहान. लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचे आणि त्या आकड्याने भागायचे. आयएलसीए-७ या एका माणसाच्या बोटीचा आकडा अकराशेच्या आसपास आहे आणि लहान मुलांच्या ऑप्टिमिस्टचा सोळाशेच्या पुढे. सोयीसाठी ११०० आणि १६०० धरू. मोठा माणूस ५५ मिनिटांत आला तर त्याचा दुरुस्त वेळ ५० मिनिटे. दहा वर्षांची मुलगी ७६ मिनिटांत आली तर तिचा ४७.५ मिनिटे. ती २१ मिनिटे उशिरा आली, पण पहिली आली. संध्याकाळच्या शर्यतीत बाप आणि लेक एकाच वेळी सुटतात आणि दोघेही मनापासून लढतात, ते या हिशेबामुळे.

आता परत गोंदियाकडे. इथली अडचण एका ओळीत सांगता येते. पाणी भरपूर असते तेव्हा वारा नसतो, आणि वारा असतो तेव्हा पाणी नसते. पूर्व विदर्भात वर्षभर वारे मंद ते मध्यम असतात. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात त्यांना जोर येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तलाव काठोकाठ, आभाळ निरभ्र, आणि पान हलत नाही. मे महिन्यात वारा आहे, पण तलाव तळाला गेलेले, खुंट उघडे पडलेले, आणि दुपारनंतर अवकाळी ढग जमला तर काही मिनिटांत होत्याचे नव्हते करणारी वावटळ. वैनगंगेचेही तेच. उन्हाळ्यात पात्रात वाळू आणि खडक, पावसाळ्यात पूर. वाहत्या नदीवर शर्यतीचे दिवस फार थोडे मिळतील, म्हणून माझे मत धरणे आणि मोठे तलाव यांच्या बाजूने आहे.

हैदराबादने हा तिढा आपल्या परीने सोडवला आहे. मुंबईचे क्लब पावसाळ्यात बोटी वर काढून ठेवतात, कारण समुद्र खवळलेला असतो. हैदराबादेत हुसेनसागरावर देशातली महत्त्वाची स्पर्धा जुलैत भरते. दख्खनच्या पठारावर नैऋत्य मोसमी वारा तेव्हा भरात असतो आणि तलावात समुद्रासारख्या लाटा उठायची भीती नाही. जे वारे कोकणात बोटी बांधून ठेवायला लावतात, तेच पठारावर शीड भरतात. गोंदियाचा काळ याच धर्तीवर, पण थोडा उशिराचा असावा. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर. तोवर तलाव भरत आलेले असतात, पश्चिमेचा वारा अजून पूर्ण सरलेला नसतो, आणि दुपारी तीन ते पाच उन्हाची तिरीप पडली तर घुसळणीचा वाराही त्याला साथ देतो. विजेचा धोका मात्र याच काळात असतो, आणि उभी अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी घेऊन मोकळ्या पाण्यावर असण्यासारखे दुसरे संकट नाही. गडगडाट ऐकू आला की शर्यत रद्द, त्यावर चर्चा नाही, हा इथला पहिला स्थानिक नियम असायला हवा.

जागा निवडतानाही काळजी हवी. नवेगावबांध मोठा आणि देखणा असला तरी तो व्याघ्र प्रकल्पाचा शेजार आहे आणि हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पक्षी उतरतात. मारुती चितमपल्लींच्या लेखणीतून ज्या पाण्याचे पक्षी मराठी घराघरांत पोचले, ते हे पाणी. तिथे पक्ष्यांना पहिला मान. गोंदियाच्या शेतांत आणि तलावांच्या काठी सारस घरटी करतात, आणि महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ एवढ्याच भागात उरला आहे. त्याची घरटी पावसाळ्यातच असतात, म्हणून ज्या तलावाच्या काठी जोडी असेल तो तलाव त्या हंगामात वगळावा. शिडाच्या बोटीला इंजिन नाही, आवाज नाही, तेल सांडत नाही, ही तिची जमेची बाजू. पण माणसांची गर्दी काठावर येतेच. इटियाडोहसारखा मोठा जलाशय, जिथे मधोमध रुंद मोकळे पाणी आहे, तो मला जास्त योग्य वाटतो.

बोटीचा खर्च वाटतो तेवढा नसावा, हा विचार ऑप्टिमिस्ट बोटीच्या जन्मातच आहे. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या बोट बांधणाऱ्याने मुलांसाठी ती आखली. प्लायवुडच्या आठ फुटी तक्त्यांतून ती कापून निघावी, थोडक्या पैशात आणि घरच्या अंगणात बांधता यावी, ही त्याच्यापुढची अट होती. म्हणून तिची नाळ टोकदार नाही, पेटीसारखी चपटी आहे. २.३ मीटर लांब, ३५ किलो वजनाची ही बोट आज जगभर मुलांची पहिली बोट आहे. सागाच्या आणि बांबूच्या या मुलखात सुतार आहेत. आराखडा समोर ठेवला तर त्यांना ती जड जाणार नाही. मुलांना लागते ते चांगले लाइफ जॅकेट, पोहण्याचा सराव आणि उलटलेली बोट सरळ करण्याची तालीम. बोट कलंडली की पाण्यात उतरून तिच्या फळीवर उभे राहायचे आणि कड धरून मागे झुकायचे, बोट परत उभी राहते. हे पहिल्या आठवड्यात मुद्दाम करून घेतात, म्हणजे पुढे भीती उरत नाही.

या सगळ्याआधी एक काम बिनखर्चाचे आहे, आणि ते शाळेतली मुलेच करू शकतात. ज्या तलावाचा विचार आहे त्याच्या पाळीवर वर्षभर रोज दुपारी तीन, चार आणि पाच वाजता वारा नोंदवायचा. उपकरण नको. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराच्या पायऱ्या ठरवल्या आणि पुढे त्यांना जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. झाडाची पाने सळसळली आणि चेहऱ्याला वारा जाणवला तर दुसरी पायरी, ताशी ६ ते ११ किलोमीटर. पळसाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर तिसरी, १२ ते १९. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडू लागले तर चौथी, २० ते २८. दुसऱ्या पायरीवर बोट सरकते, तिसरीवर शिकायला मजा येते, चौथी शिकलेल्यांसाठी. वाऱ्याची दिशा, आभाळ आणि सांडव्याजवळच्या खांबावरची पाण्याची पातळी, एवढे शेजारी लिहायचे.

आणि तलावावर पहिला हक्क आहे तो मासेमारीचा ठेका असलेल्या ढिवरांच्या सहकारी संस्थेचा. जाळी कुठे लावली आहेत, खुंट कुठे बुडले आहेत, बीज सोडल्यावर किती दिवस पाणी ढवळायचे नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय एकही बोया पाण्यात पडू नये. बोये टाकायलाही त्यांचाच डोंगा घ्यावा, आणि पंचांची बोट म्हणूनही तोच.